माईंच्या कृष्णाची नीळ

प्रिय माई,

सगळ्यांत आधी कोण आलं असेल, सांगा बघू! शेजारची कामाक्षी मामी! बोलावणं सहाचं, अन् ही चारलाच दारात. वर म्हणते काय, "मदतीला आले." मदत कसली, माई! सोफ्यावर बसून सुंडलातले हरभरे एकेक करून चाखत होती अन् "मीठ कमी, मीठ कमी" म्हणत होती. तुम्ही असतात तर तिला नारळ खवायला बसवलं असतंत. मला ते जमत नाही. मी आपली तिला कॉफी दिली, तीही दोनदा.

मग पावणेसहाला ते लोक आले. कोण लोक, ते सांगते. पण आधी हे सांगते की मी लिहायला का बसले. धाकट्या जावेनं थोरल्या जावेला पत्र लिहावं, तेही ती गेल्यावर, असं कुठं ऐकलंय का? पण काल संध्याकाळपासून पोटात मावत नाहीये माझ्या. ह्यांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, "काय? नीळ? संपली का?" कानाचं यंत्र काढून ठेवलेलं! शोभा सूनबाई भली आहे, पण तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. तुम्हांला पहिल्यापासून ठाऊक होतं. तेच तर कळलं ना काल!

मैथिलीची एक जुनी वही घेतलीय. अक्षर तिरकं जातंय, सांभाळून घ्या. पेन निळंच घेतलंय, मुद्दाम.

आठवतं का, मी बँकेत अंगठा लावून यायची तेव्हा अंगठा दोन दिवस निळा राहायचा? पोळी लाटताना तो दिसला की तुमच्या कपाळाला आठी. "धाकटे, हा रंग तुझ्या हातावर पुन्हा दिसायला नको." मग दसरा आला. इकडं त्या दिवशी लहान पोरांना तांदळात बोट धरून पहिलं अक्षर गिरवायला लावतात. मामीकडं तीन वर्षांचं पोर बसलं होतं, अन् आपल्याकडं ताटापुढं पंचवीस वर्षांची मी! घरची माणसं हसत होती. तुम्ही माझं बोट धरलंत अन् 'श्री' काढलात. गावाकडं दुसरीत असताना मला शेरडांमागं पाठवलं होतं, ती शाळा तुम्ही मद्रासला पुरी केलीत. त्याच अक्षरांनी तुम्हांला हे लिहितेय.

हं, तर ते लोक. आपल्या नातीचं, मैथिलीचं ठरतंय, माई!

इरुंगाट्टुकोट्टैच्या त्या गाड्यांचे भाग बनवायच्या कारखान्यात ती लागली, ते तुम्ही बघून गेलात. सकाळी सहाला बस, अंगात तो निळा शर्ट, खिशावर नाव. तुम्हीच त्याला इस्त्री करायचात. तिथं एक प्रसन्न म्हणून मुलगा आहे, रंगखात्यात. ही भाग तपासते, तो रंगवतो. हिनं त्याचे भाग तीनदा परत पाठवले म्हणे, रंग सारखा बसला नाही म्हणून. चौथ्यांदा तो स्वतः भांडायला आला, अन् मग काय! आता दोघं एकाच बसला येतात.

मुलगा तंजावरकडचा मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडंच. आपण रेल्वेच्या नोकरीपायी आलो, ती माणसं राजांच्या काळात आली. त्यांचं मराठी ऐकलंत तर गंमत वाटेल. शब्द पोथीतले अन् चाल सगळी तमिळ. मुलगी बघायला येतो असं कोण म्हणतं आता? "गोलू बघायला येतो" म्हणाले, नवरात्रातल्या बाहुल्यांचं निमित्त. मुलगा, त्याची आई अन् आजी. आजीचं नाव तुळजाबाई.

मैथिलीनं आदल्या दिवशी मला सांगितलं, "आजी, त्यांच्या घरी अकरा पायऱ्यांचा गोलू असतो. बाहुली हातात घेतली की ती किती जुनी, कुठल्या मातीची, कुणी रंगवली, सगळं सांगतात त्या."

माई, मी आधी तिसऱ्या पायरीकडं बघितलं. कारण आपल्या गोलूत तुमचा कृष्ण!

आता ते सांगतेच. बावन्न वर्षं नाही सांगितलं.

मी लग्न होऊन आले त्याच वर्षीचं नवरात्र. आमच्या गावाकडं घट बसायचे, माळा चढायच्या. पायऱ्या रचून त्यावर बाहुल्या मांडायच्या हे मी कुठं बघितलेलं? तुम्ही शेजाऱ्यांचं बघून सुरू केलं होतंत. आपले घटही अन् त्यांचा गोलूही. तुम्ही पेटी उघडलीत अन् म्हणालात, "धाकटे, मी बाजारातून येते, तोवर हे देव स्वच्छ करून ठेव." देव म्हणालात ना? मला देव म्हणजे पितळेचे टाक ठाऊक. मी चिंच भिजत घातली. आधी तो बासरीवाला कृष्ण घेतला, कारण तोच सगळ्यांत देखणा, अन् चिंचेच्या चोथ्यानं असा घासला, असा घासला!

पाणी निळं झालं. मी म्हटलं, वा, काय मळ निघतोय!

मग बघते तर हातात नुसता मातीचा गोळा. पांढुरका. डोळेसुद्धा गेले. मी तिथंच न्हाणीघरात फतकल मारून बसले. सासर नवं, भाषा नवी, बाहेर जाऊन रंग आणावा तर 'रंग' कसं मागायचं तेही ठाऊक नाही. समोर काय होतं? भाऊजी गार्ड, हे तिकीट तपासणारे, दोघांचे पांढरे कपडे बादलीत. शेजारी खळीचं भांडं अन् नीळ. मी खळीत नीळ कालवली अन् बोटानं कृष्णाला फासली. जसा शर्ट, तसा देव! डोळे काजळानं काढले. तुम्ही येईपर्यंत तो वाळलासुद्धा.

तुम्ही आलात, बघितलंत, म्हणालात, "छान झालेत हो स्वच्छ." अन् मी सुटले म्हणून देवाला साखर ठेवली. त्याच देवाला!

सांगून टाकलं असतं, माई. संक्रांतीपर्यंत सांगितलंच असतं. पण मग एकदा सासूबाईंनी मला तुमच्या बाळाचं सांगितलं. तुमचं पहिलं अन् शेवटचं. जन्मलं तेच निळं पडलेलं, अन् दिवस मावळायच्या आत गेलं. त्याच वर्षी तुम्ही मैलापूरच्या फुटपाथवरून तो कृष्ण आणलात. सासूबाई म्हणाल्या, "तेवढ्याच एका बाहुलीला ती मांडीवर घेऊन पुसते."

मग मी कोणत्या तोंडानं सांगायचं? मी काय घासून काढलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

मी आपली दर वर्षी नवरात्राआधी न्हाणीघरात कडी लावून बसायची. खळ, नीळ अन् कृष्ण. तरी ती नीळ कुठं धरते? मद्रासची ती दमट हवा! हात लावला की बोटाला. माझी बोटं लिंबानं घासून घासून सोलून निघायची. तुम्ही बाहेरून म्हणायचात, "धाकटे, झालं का न्हाणं?" अन् मी खोटंच पाणी ओतायची. एकदा भाऊजींना घाई होती तर तुम्ही त्यांनाच म्हणालात, "तिला न्हाऊ दे सावकाश. तुम्ही शेजाऱ्यांकडं जा." मला वाटलं, काय भोळी माझी जाऊ!

अन् मांडायच्या वेळी नेमके तुमचे हात ओले. "धाकटे, कृष्णाला तू ठेव, माझे हात ओले आहेत." दर वर्षी! मला एकदाही कसं वाटलं नाही हो, की ह्यांचे हात नवरात्रातच असे कसे ओले?

निळ्याची मला अक्कल कमीच म्हणा. पहिल्यांदा एन्नोरला समुद्र दाखवायला नेलंत ते आठवतं? लांबून बघितला तर केवढा निळा! मी पळत गेले अन् लोटा भरून घेतला, गावी आईला दाखवायला. लोट्यात बघते तर साधं पाणी. मी तुम्हांला म्हटलं, "माई, ह्याचा रंग गेला!" तुम्ही वाळूत बसून हसलात, पोट धरून. बाळ गेल्यावर तुम्ही पहिल्यांदा तशा हसलात, असं भाऊजी घरी आल्यावर ह्यांना म्हणाले. तेव्हापासून मी काही वेडेपणा केला की मुद्दाम तुमच्यासमोर करायची. एवढा एकच लपवला.

बरं. मागच्या वर्षी गोलू मांडला नाही. श्रावणात तुम्ही गेलात, वर्ष व्हायचं होतं. ह्या वर्षी मैथिलीनं पेटी खाली काढली. मी म्हटलं, कृष्णाचं मी बघते, तू बाकीचं कर. त्याचं फडकं सोडलं, तुमच्या जुन्या जरीच्या काठाचं, तर आत काय? नीळ! कोऱ्या दोन पुड्या! कागदी, जुन्यासारख्या. आता तर सगळीकडं बाटलीतली पातळ नीळ मिळते, ती मातीवर धरतच नाही. मी म्हटलं, मीच ठेवल्या असतील, विसरले असेन. हल्ली विसरतेच. चष्मा डोक्यावर अन् शोधते उशीखाली. एक पुडी फोडली अन् बसले आपली कडी लावून. शहात्तर वर्षांची चोर!

आता कालचं ऐका.

पावणेसहाला बेल वाजली. तुळजाबाई म्हणजे एवढीशी बाई, नऊवारीच्याच चालीचं पण निराळंच लुगडं, नाकात दोन्हीकडं चमक्या. आत आल्या अन् उभ्याउभ्याच पायऱ्या न्याहाळल्या. "रोंब बरें मांडलें आहे हो," म्हणाल्या. त्यांचं रोंब म्हणजे आपलं फार. मामीनं माझ्या कानात कुजबुज केली, "हे मराठीच ना? तुझ्यापेक्षा मला जास्त समजलं!"

मैथिलीचा पत्ता नाही! शनिवार असून बाईसाहेब कामावर. प्रसन्ननं रजा घेतलेली, हिनं नाही. सव्वासहाला आली ती तशीच, निळ्या शर्टात, बाहीला वंगण, केसांचा बुचडा. शोभानं डोळे वटारले. मोरपंखी पैठणी आत पलंगावर काढून ठेवलेली! मी म्हटलं, संपलं आता.

"थोडा वेळ द्या हं, ती कपडे बदलून..." शोभा म्हणायला लागली.

"कशाला?" तुळजाबाई म्हणाल्या. "आमचा नातू रोज ह्याच शर्टांत येतो. मी ओळखतें ह्या रंगाला. बैस गो, बाळ."

बसली ती माझ्या शेजारी. मला इतकं हायसं वाटलं! अन् त्या हायसं वाटण्यातच माझं लक्ष चुकलं. बघते तर तुळजाबाई तिसऱ्या पायरीपाशी, अन् त्यांच्या हातात तुमचा कृष्ण!

उलटा केला, सुलटा केला. बासरीपाशी नख लावलं. मग खाली ठेवला अन् स्वतःची बोटं बघत राहिल्या. दहाच्या दहा निळी!

मग ती बोटं त्यांनी सगळ्यांपुढं धरली.

"ह्याला रंग कोणीं दिला?"

शोभा बिचारी म्हणाली, "माईंचा आहे तो, माझ्या चुलतसासूबाईंचा. फार जुना आहे. तसाच आहे पहिल्यापासून."

"जुना रंग हातास लागत नाही, बाई." त्यांनी बोटाचा वास घेतला. "ही तर धुण्याची नीळ."

माई, मला दोन वाटा होत्या. गप्प बसले असते तर शोभा खोटी पडली असती, नाहीतर तुम्ही. त्या म्हणाल्या असत्या, थोरल्या जावेला पारख नव्हती, कुणीतरी नीळ लावून गळ्यात मारलेली बाहुली पुजत बसली. मी उठले.

"मी लावली," मी म्हटलं. "बावन्न वर्षं मीच लावतेय. चांगला रंग होता त्याचा. मी चिंचेनं घासून काढला. अन् माईंना कधी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक नव्हतं. त्या तशाच गेल्या."

शेवटचं वाक्य मी तुमच्या कृष्णाकडं बघून बोलले. हे सोयरे होऊ घातलेल्यांसमोर! मैथिलीनं माझा हात धरला. तिचा हात वंगणाचा, माझा घामाचा.

तेवढ्यात मागून सोफ्यावरून आवाज आला. तोंडात हरभरे!

"अय्यो, कोण म्हणतं ठाऊक नव्हतं?"

मामी! सगळे वळून तिच्याकडं बघायला लागले, तर ती घास गिळेपर्यंत बोलेना. मला वाटलं, तिला गदगदा हलवावं.

"दर आडी महिन्यात मला नीळ आणायला कोण पाठवायचं?" ती म्हणाली. आडी म्हणजे त्यांचा आषाढ, तुम्हांला ठाऊकच. "तुमच्या घरात पांढरं कोण घालत होतं सांग! दोघंही नोकरीतून उतरून वीस वर्षं झाली. मी विचारलं, माई, नीळ कशाला? तर म्हणाली, धाकटीला लागते. कृष्णाला."

"त्यांना कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी! बासरीच्या खाचेत चिंचेची शीर अडकली होती म्हणे."

माई! चिंचेची शीर!

मामी सांगत गेली, अन् मी ऐकत गेले. ताम्बरमच्या बाजारात कागदी पुडी मिळेनाशी झाली तेव्हा तुम्ही तिला मागच्या गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या दुकानदाराकडं पाठवायचात. तिनं एकदा विचारलं, धाकटीलाच का नाही सांगत आणायला? तर तुम्ही म्हणालात, "ती बाजारात नीळ मागत फिरेल, कुणी विचारलं कशाला तर तिला खोटं सांगता येणार नाही. घरात दिसली की गुपचूप घेईल." अन् तिला शपथ घातलीत, की मी जिवंत आहे तोवर बोलायचं नाही. ती बाईही पक्की! सुंडलात मीठ कमी आहे हे गप्प ठेवता येत नाही तिला, अन् हे ठेवलं!

"राग नाही आला त्यांना?" हे मैथिलीनं विचारलं. मला धीर नव्हता.

मामीनं मान हलवली. "मी पण विचारलं होतं. ती म्हणाली, आधीचा रंग विकतचा होता, मामी. आता घरचा आहे."

मी तिथंच पायरीपाशी बसले, अन् रडले, माई. चांगली मोठ्यानं. यंत्र नसलेल्या ह्यांनासुद्धा ऐकू गेलं. ते घाबरून म्हणाले, "काय झालं? मुलगी पसंत नाही का?"

सगळे असे हसले म्हणता!

मग तो प्रसन्न. चांगला मुलगा हो, पण पुरुषच. पुढं होऊन, मला तमिळमध्येच आजी करून म्हणाला, "पाट्टी, आमच्याकडं असा निळा आहे, भट्टीत भाजून बसवतात. मी करून आणतो. वीस वर्षं हाताला लागणार नाही."

"काही नको!" मी अन् तुळजाबाई एकदमच ओरडलो. तो दोन पावलं मागं सरला. मैथिली म्हणाली, "आणलास तर मी परत पाठवीन." मला वाटतं, हा संसार नीट चालेल.

हात धुवायला मी तुळजाबाईंना मोरीकडं नेलं. साबण पुढं केला. त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, "राहूं दे. घरीं जाऊन सुनांस दाखवितें, कीं जावा अशा असतात." कुंकू लावताना त्यांचं निळं बोट माझ्या कपाळाला लागलं. आरशात बघितलं तर कुंकवाच्या शेजारी निळा ठिपका. मी पुसला नाही. आज सकाळी न्हाताना गेला.

निघताना मात्र त्यांनी एक मागितलं. त्यांच्याकडं नवी सून माहेरून बाहुली घेऊन येते अन् ती त्यांच्या पायऱ्यांवर बसते. त्या म्हणाल्या, "दुसरी कांहीं नको. मुलीसंगें हा कृष्ण द्या."

मी म्हटलं, "विचारून सांगते."

कुणाला विचारणार, ते त्यांना समजलं असावं. त्यांनी 'कुणाला' म्हणून विचारलं नाही.

तर विचारते, माई. देऊ का? तुमचा तो. मांडीवर घेऊन पुसायचात तो. तो गेला तर तिसरी पायरी रिकामी, अन् नवरात्राआधी मी न्हाणीघरात कडी लावून काय करू?

अन् भांडायचंही आहे तुमच्याशी! बावन्न वर्षं मला चोरासारखं त्या ओल्या फरशीवर बसवलंत! एकदा तरी दार वाजवायचं. म्हणायचं, "धाकटे, सरक, मी खळ कालवते, तू नीळ घाल." दोघी बसलो असतो. मी माझं पाप पोटात ठेवून बसले, तुम्ही माझं पाप पोटात ठेवून बसलात, मध्ये एक दार. किती गप्पा राहिल्या हो त्या दाराच्या दोन्ही बाजूंना!

काल रात्री अंथरुणावर पडल्यावर मोजत होते. तुम्ही शेवटच्या आषाढात मामीला पाठवलंत तेव्हा तुम्हांला बसवत नव्हतं, फडक्यात पुड्याही तिनंच ठेवल्या असतील. तेव्हा एक पुडी पुरली असती. दोन का मागवल्यात? मला वाटलं, पुढच्या वर्षीची सोय. पण मैथिली तेव्हा रोज तुमच्या पायाशी बसून त्या रंगखात्यातल्या मुलाच्या तक्रारी सांगायची. आम्हांला तक्रारीच वाटल्या. तुम्हांला काय वाटलं होतं, माई? तुम्ही नुसत्या हसायचात.

दुसरी पुडी कुणाची होती, ते मला आत्ता हे लिहिता लिहिता कळतंय. उत्तर मिळालं.

देते. कृष्ण देते, अन् त्याच्यासंगे ती कोरी पुडी देते, तुमच्याच जरीच्या फडक्यात बांधून. दर नवरात्राआधी त्यानं आठ दिवस इकडं माहेरपणाला यायचं, ही माझी अट. तुळजाबाई नाही म्हणायच्या नाहीत.

अन् हे तुम्हांला वचन. ह्या दसऱ्याला संध्याकाळी, कृष्णाला झोपवून पेटीत ठेवायच्या आधी, मी बाहेरच्या खोलीत सगळ्यांदेखत खळ करीन. कडी नाही, खोटं पाणी नाही. मैथिलीला शिकवीन की पेज केवढी दाट, नीळ केवढी चिमूट, डोळे काढताना श्वास कसा धरायचा. तिची बोटं निळी होतील अन् त्या दिवशी कुणी लिंबानं घासायला सांगणार नाही. मामीला नारळ खवायला बसवीन, तुमच्यासारखं. जमवतेच ह्या वेळी.

शोभा दुपारची झोप काढून उठली, चहाचं भांडं वाजतंय. पत्र पेटीत तळाशी ठेवते, तुमच्या फडक्याच्या बाजूला.

तुमची,
धाकटी

ता. क. ते सगळे परत येणार आहेत. गुरुवारी, दसऱ्याला, संध्याकाळी पाचला. तुळजाबाई जाता जाता म्हणाल्या, "त्या दिवशीं मी पांढरें नेसून येईन, नीळ लागली तर दिसूं दे." मामी चारलाच येईल.